दोष यंत्राचा नव्हे, व्यवस्थेचा

संगणक आता माणसासारखा लिहितो, बोलतो, याचे कौतुक घरोघरी चालले आहे. सोबत धास्तीही आहे. आपल्या मुलामुलींना उद्या काम राहील काय? उत्तर शोधण्याआधी मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आठवावा, असे आम्हाला वाटते.

गिरणीत विणाई खात्याचा पगार चांगला. पण तेथे धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या थुंकीने धोटा बाटेल, म्हणून आपल्या माणसांना त्या खात्याचे दार बंद! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. धोट्याला जात कळत नव्हती; जात होती ती माणसांच्या डोक्यात.

म्हणूनच बाबासाहेबांनी यंत्राला शत्रू मानले नाही. गांधीवादाचा समाचार घेताना १९४५ च्या ग्रंथात त्यांनी स्पष्ट केले की, यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे.

आजचे चित्र पाहा. चॅटजीपीटीने घाणेरडे, हिंसक बोलू नये म्हणून तसा मजकूर आधी माणसांनी वाचून त्यावर खुणा कराव्या लागल्या. ते काम केनियातील नैरोबीच्या तरुणांनी केले. काम अमेरिकन कंपनीचे, पगार ठेकेदाराचा. दिवसभर अत्याचाराची वर्णने वाचायची आणि हाती पडायचे ताशी दोन डॉलरहून कमी! जानेवारी २०२३ मध्ये ‘टाइम’ने ही हकिकत उघड केली. यंत्राच्या हुशारीमागे असे गरीब देशांतले राबणारे हात आहेत. नफा मात्र समुद्रापलीकडे जातो.

पण हे तरुण गप्प बसले नाहीत. १ मे २०२३ रोजी नैरोबीत अशी कामे करणाऱ्या दीडशेहून अधिक कामगारांनी एकत्र येऊन संघटना उभारण्याचा निर्धार केला. आपल्याकडेही कामाचे तास कुणी दान दिलेले नाहीत. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती १९४६ ची. तिचे विधेयक मांडणारे मजूरमंत्री बाबासाहेबच होते.

मातापित्यांना आमचे सांगणे एवढेच : मुलामुलींना संगणक जरूर शिकवा. पण नोकरीचे करारपत्र वाचायला, कामाचे तास मोजायला आणि सोबत्यांशी संघटित व्हायलाही शिकवा. यंत्र चालवता येणे ही अर्धी विद्या झाली. त्याच्या नफ्यातला आपला वाटा मागता येणे, ही उरलेली अर्धी.