लकव्यानंतर उतरलेले वजन

ग्वाल्हेर येथे १९२४ साली जन्मलेले आपले माजी पंतप्रधान श्री. अटलबिहारी वाजपेयी यांची भाषणे ज्यांनी ऐकली, त्यांस २००९ सालची वार्ता आठवत असेल. त्या वर्षी त्यांस पक्षाघाताचा झटका आला आणि ती ओघवती वाणी कुंठित झाली. त्यानंतर नऊ वर्षांनी, १६ ऑगस्ट २०१८ रोजी, ते निवर्तले. झटक्यानंतरची अशी वर्षे रोग्याइतकीच घरच्या माणसांचीही कसोटी पाहतात. त्यांच्याचसाठी आम्ही हे लिहीत आहो.

ग्वाल्हेरकडे ह्या रोगास लकवा म्हणतात. आजाऱ्यांच्या भेटी घेताना आम्ही अशाच एका घरी गेलो. गृहस्थ मूळचे स्थूल. दोन महिन्यांत अगदी रोडावले होते. त्यांच्या पत्नी समाधानाने म्हणाल्या, "फादर, चरबी झडली. आता हे लवकर चालू लागतील." आम्हीही मान डोलावली. चूक आमचीही झाली.

स्थूलपणा रक्तदाब व मधुमेह यांच्या वाटेने लकव्यास बोलावतो, हे खरे. पण झटका येऊन गेल्यावर हिशेब पालटतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, रुग्णालयात येतेवेळीच जे कुपोषित होते, त्यांच्यात सहा महिन्यांनी मृत्यू व परावलंबन अधिक आढळले. भरल्या अंगाचे रोगी तुलनेने तगतात, असेही पुष्कळ ठिकाणी दिसले आहे. मात्र ते बहुधा वयाने लहान असतात म्हणून तसे दिसते, असे काही डॉक्टर म्हणतात. तेव्हा कोणी मुद्दाम लठ्ठ होऊ नये!

अंथरुणावर झडते ती केवळ चरबी नव्हे. स्नायू झडतात, आणि ज्या मांड्यांच्या बळावर पुन्हा उभे राहावयाचे त्याच आधी वाळतात. त्यात पुष्कळांस गिळणे जड जाते. निजवून पेज पाजली तर ती श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याचे भय असते. रोग्यास नीट बसते करावे, घास लहान द्यावा, आणि पाण्याने ठसका लागू लागला तर भरवणे थांबवून डॉक्टरांस दाखवावे. मीठ आवरावे, डाळ, दूध, अंडे मात्र डॉक्टरांनी मना केल्यावाचून तोडू नये. घरी काटा नसला तरी सैल झालेला सदरा वजनाची गोष्ट सांगतोच. वजन उतरवणे आवश्यकच असेल, तर ते पुढे, सावकाश व डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

त्या बाई पतीस केवळ मुगाचे कढण देत होत्या, हे आम्हांस मागाहून कळले. पुढल्या खेपेस गेलो तेव्हा गृहस्थ खुर्चीत टेकून बसले होते आणि मऊ वरणभात खात होते. चालू मात्र अजून लागले नव्हते.