एलियाहू, इल्यास, एलोजी : एका नामाची यात्रा

पौषाच्या थंडीत मकरसंक्रांत जवळ आली की भिवंडीच्या बाजारात सुगडांचे ढीग लागतात. बोरे, उसाची करवे, हरभऱ्याचे घाटे, गाजरे आणि तीळगूळ अशी वाणाची सामग्री घेऊन सुवासिनी घराकडे वळतात, आणि यंत्रमागांच्या खडखडाटावर मात करीत कोणाला तरी मारलेली हाक त्यांच्या कानी पडते : "अरे इल्यास!" या नगरीला ही हाक नवी नव्हे. कोकणी मुसलमान, उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि येथलेच आगरी-कुणबी या सर्वांच्या हाका येथे एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. परंतु या एका नामाचा मागोवा घेऊ लागलो, तो आम्ही थेट आपल्याच कोकणकिनाऱ्यावरील एका उत्सवापाशी येऊन पोहोचलो. तो उत्सवही संक्रांतीच्या मागेपुढेच येतो. म्हणून या पर्वकाळी ती कथा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इल्यास या नामाचे मूळ हिब्रू भाषेत आहे. तेथे त्याचे रूप 'एलियाहू' असे होते. 'एल' म्हणजे देव, 'एली' म्हणजे माझा देव, आणि 'याहू' हे यहुदी लोकांच्या परमेश्वरनामाचे संक्षिप्त रूप. "याहू हाच माझा देव" असा या नामाचा अर्थ. हे नुसते नाम नव्हे, ती निष्ठेची प्रतिज्ञाच आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात इस्राएलच्या राज्यात अहाब राजा असताना हा भविष्यवादी होऊन गेला, असे बायबल सांगते. दुष्काळात त्याने एका गरीब विधवेच्या घरी आश्रय घेतला, तेव्हा तिच्या मडक्यातील पीठ सरले नाही आणि बुधलीतील तेल आटले नाही. द्रौपदीच्या थाळीची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या घरांना हे वर्णन परके वाटू नये. पुढे कार्मेल पर्वतावर त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला, त्यानंतर पर्जन्य कोसळला, आणि अखेरीस अग्निरथाच्या दर्शनानंतर वावटळीतून तो सदेह स्वर्गी गेला.

ज्याला मृत्यू आला नाही तो केव्हाही परत येऊ शकतो. आपण सप्तचिरंजीवांचे स्मरण करतो, तद्वत् यहुदी घरांत एलियाहूची वाट पाहिली जाते. वल्हांडणाच्या भोजनात त्याच्यासाठी द्राक्षरसाचा एक प्याला भरून ठेवतात. मुलगा आठ दिवसांचा झाला म्हणजे सुंतेच्या विधीत एलियाहूचे आसन मांडतात आणि त्याच विधीत बालकाला नाव देतात. आपल्याकडे बाराव्या दिवशी पाळण्यात घालून कानात नाव सांगावे, तसाच हा प्रकार.

हे नाम भाषाभाषांतून कसे फिरले, ते पाहण्याजोगे आहे. ग्रीक लोकांनी आपल्या पुल्लिंगी नामांप्रमाणे त्याच्या शेवटी 'स' जोडला आणि त्याचे 'इलियास' झाले. लॅटिन, पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांत ते 'एलियास' झाले. अरबीतील 'इल्यास'च्या शेवटचा 'स'ही या ग्रीक परंपरेतूनच आला, असे भाषापंडित मानतात. कुराणात हे नाम याच रूपाने येते आणि तेथून ते भिवंडीच्या मोहल्ल्यापर्यंत पोहोचले. फ्रेंचांनी त्याचे 'एली' केले, हंगेरियनांनी 'इल्लेश', रशियनांनी 'इल्या'. इंग्रजीने एकीकडे हिब्रूच्या जवळचे 'एलायजा' घेतले, तर दुसरीकडे 'इलियास' आणि 'एलिस' हीही रूपे वापरली. वस्त्रोद्योगावर जगणाऱ्या या नगरीला आवर्जून सांगावे असे एक नाव म्हणजे इलियास हौ. शिवणयंत्राच्या दुहेरी टाक्याचे पेटंट अमेरिकेत १८४६ मध्ये मिळविणारा तो हाच.

नामाबरोबर भक्तीही फिरली. रशियात मेघगर्जना झाली की इल्याचा रथ आकाशातून धावतो आहे, असे खेडूत मानीत. ग्रीसमध्ये डोंगरमाथ्यावर या संताची लहान लहान मंदिरे आढळतात. तुर्कस्तानात मे महिन्याच्या आरंभी 'हिदिरेल्लेज' हा वसंतोत्सव होतो. हे नाव खिज्र आणि इल्यास या दोन नामांचा संधी होऊन बनले आहे. जेथे जेथे हे नाम गेले तेथे तेथे पर्जन्य, हिरवळ आणि अन्न यांच्याशी ते जोडले गेले.

आता आपल्या कोकणाकडे वळू. अलिबागजवळ नवगाव येथे बेने इस्राएल समाजाची प्राचीन दफनभूमी आहे. आपले पूर्वज गलबत फुटून याच किनाऱ्याला लागले आणि त्यांतील सात जोडपी तेवढी वाचली, अशी या समाजाची परंपरा. तेल गाळण्याचा व्यवसाय करून शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक गावोगाव 'शनवार तेली' म्हणून ओळखले जाऊ लागले. एलियाहूने कोकणात येऊन आपल्या पूर्वजांना दर्शन दिले आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावच्या खडकावरून तो पुन्हा स्वर्गी गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे. घाटावरचे खंडाळे ते हे नव्हे. त्या खडकावर रथाच्या खुणा दाखवितात. हिब्रू शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीस, म्हणजे आपल्या पौषी किंवा माघी पौर्णिमेच्या सुमारास, 'एलियाहू हन्नाबीचा उरूस' येतो. 'हन्नाबी' म्हणजे भविष्यवादी, अरबी 'नबी' शब्दाचा सख्खा भाऊ. हाच दिवस यहुदी लोक वृक्षांचे नववर्ष म्हणून पाळतात.

या भक्तीतील मुख्य नैवेद्य म्हणजे मलिदा. भिजविलेले पोहे, खवलेला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, सुकामेवा आणि भोवती फळे! सत्यनारायणाच्या प्रसादाशेजारी हे तबक ठेवले तर ते वेगळे म्हणून ओळखू येणार नाही. आजार बरा झाला, घर बांधले, लग्न ठरले की एलियाहूला केलेला नवस मलिद्याने फेडावयाचा. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी आप्पांच्या १७३९ मधील वसईविजयानंतर नवसपूर्ती म्हणून उभे राहिले. बोललेला नवस फेडण्याची ही रीत याच मातीची.

आणि नाम? कोकणाने त्यालाही आपले करून घेतले. जसे आपले राघोजी, खंडोजी, विठोजी, तसे सामुएलचे सामाजी, यहेज्केलचे हसाजी, आणि एलियाहूचे एलोजी! मुंबईतील पहिले यहुदी प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये उभारणारा लष्करी अधिकारी इंग्रजी लेखांत सामुएल इझिकेल दिवेकर आहे, तर आपल्या लोकांत तो सामाजी हसाजी दिवेकर. व्यक्ती एकच, परंतु एक नाम ग्रंथाचे आणि दुसरे अंगणातले. याच समाजाने १८८० च्या सुमारास मुंबईत कीर्तनमंडळी स्थापून बायबलातील चरित्रे हरिदासी थाटाने मराठीत गायिली.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, ग्रंथांचे ज्ञान वाढले, आणि सामाजी पुन्हा सामुएल झाला, एलोजी पुन्हा एलायजा. ग्रंथातील शुद्ध रूप परत मिळाले याचा त्या समाजास आनंद वाटणे स्वाभाविकच होते. तथापि 'एलोजी' हे या नामाचे मराठी मातीत घडलेले रूप मात्र व्यवहारातून गेले. स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे २०,००० असलेला हा समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. आज काही हजार लोकच येथे उरले असून ते मुख्यतः मुंबई-ठाण्यात आहेत. भिवंडीहून अगदी जवळ, ठाण्यात, १८७९ चे त्यांचे प्रार्थनामंदिर उभे आहे. त्याचे नाव 'शाआर हाशामाईम', अर्थात स्वर्गद्वार. तिकडे लोद, अश्दोद, दिमोना येथील मराठी घरांत नवसाचा मलिदा अद्याप होतो. पोहे टिकले, एलोजी टिकला नाही!

हे केवळ त्यांच्याच घरी घडले काय? आपल्या वंशावळीत राघोजी, विठोजी, धोंडोपंत सापडतात. पाळण्यात मात्र ती नावे आता क्वचितच ऐकू येतात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची प्रथा मागे पडली, की नामाबरोबर त्या नामाची कथाही मागे पडते. देवाचे नाम मुखी यावे म्हणूनच पूर्वजांनी मुलांना देवाची नावे दिली. पुत्राला 'नारायण' म्हणून हाक मारणाऱ्या अजामिळाचाही त्या नामाने उद्धार झाला, हे आपले पुराण सांगते. "याहू हाच माझा देव" हे वाक्य अडीच सहस्र वर्षांहून अधिक काळ लोकांच्या मुखी राहिले, तेही असेच माता-पित्यांनी मुलांना मारलेल्या हाकांतून.

यंदा तीळगूळ देताघेता घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे विचारावीत, त्यामागची हकीकत ऐकावी आणि मुलांना सांगावी. आणि भिवंडीच्या रस्त्यात पुन्हा "इल्यास" अशी हाक कानी आली, तर कार्मेलचा पर्जन्य आणि खंडाळ्याचा खडक यांचे क्षणभर स्मरण करावे, एवढीच आमची विनंती.