विजेची शर्यतगाडी : हौस, हुनर आणि हिशेब

मोहोपाडा, रसायनी आणि चौक या पट्ट्यात वेल्डिंग, लेथ, मोटर रिवाइंडिंग आणि गॅरेजची लहान-मोठी दुकाने आहेत. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स आणि पाताळगंगा औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने येथील बाजार वाढला. एच.ओ.सी.चा रसायनी येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला आणि अनेक घरांना आपल्या हातातल्या हुनराचा नव्याने विचार करावा लागला. अशा वेळी घरामागच्या शेडमध्ये बॅटरीवर चालणारी शर्यतीची गाडी बनवू पाहणारी तरुण मुले वडीलधाऱ्यांकडे भांडवल मागतात. वडील म्हणतात, हा पोरखेळ आहे. मुले म्हणतात, हाच उद्याचा धंदा आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारगाडीचे शास्त्र हा आमचा प्रांत नाही. परंतु पॉवरलूमची मोटर, विजेचे बिल आणि कारागिराची मजुरी या तिन्ही गोष्टी आम्ही जन्मभर पाहत आलो आहोत. म्हणून गल्ल्यातून पैसा काढण्यापूर्वी या कामाची जी माहिती प्रत्येक घरात असली पाहिजे, ती येथे देत आहोत.

पत्र्याच्या डब्यांतून मोटर

घरच्या कारखान्यातून शर्यत जिंकता येते काय? येते, आणि त्याचा दाखला आहे. इंग्लंडमधील सेड्रिक लिंच यांनी वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सोडली. १९७९ मध्ये बॅटरीच्या गाड्यांच्या एका स्पर्धेसाठी त्यांना मोटर हवी होती, पण चांगली मोटर विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी पत्र्याचे रिकामे डबे कापून सपाट केले आणि त्या पत्र्यातून स्वतःच मोटर तयार केली. ही मोटर लांबट पिंपासारखी नव्हती, तर थाळीसारखी चपटी होती. वजनाला हलकी आणि ताकदीला भारी असा तिचा गुण होता. पुढे याच जातीची मोटर अग्नी मोटर्स या कंपनीमार्फत आपल्या शेजारच्या गुजरातेत बनू लागली.

१२ जून २००९ रोजी आइल ऑफ मॅन बेटावर केवळ विजेच्या मोटारसायकलींची पहिली टीटीएक्सजीपी शर्यत झाली. सुझुकीच्या पेट्रोल मोटारसायकलचा सांगाडा, त्यात अग्नीच्या दोन मोटरी आणि लिथियम बॅटरी, अशी गाडी घेऊन रॉब बार्बर या स्वाराने सुमारे ६० किलोमीटरची फेरी २६ मिनिटांच्या आत पूर्ण केली आणि तो पहिला आला. सरासरी वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर होता. त्याच वर्षी पेट्रोलच्या गाडीने त्याच रस्त्यावर ताशी २११ किलोमीटरचा विक्रम केला होता. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, विजेची मोटारसायकल तेथेच ताशी १९६ किलोमीटरपर्यंत पोहोचली. कारागिराने हे आकडे नीट वाचावेत. मोटर आधीपासून चांगलीच होती. मोठी कमतरता होती ती बॅटरीची.

सारा खेळ वजनाचा

एक साधा हिशेब करू. एका माणसाने चालवायच्या छोट्या गाडीला शर्यतीत सरासरी ४ किलोवॅट, म्हणजे सुमारे साडेपाच अश्वशक्ती लागते असे धरू. ४८ व्होल्ट आणि ४० अँपिअर-तासाची बॅटरी बसवली, तर ४८ गुणिले ४० म्हणजे १,९२० वॅट-तास होतात. विजेच्या बिलाच्या भाषेत ही दोन युनिटेही नाहीत. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. ऐंशी टक्के वापरली तर गाडी सुमारे २३ मिनिटे धावेल.

हा झाला कागदावरचा हिशेब. इन्व्हर्टरला लावतो तशी शिशाची बॅटरी बसवली, तर ८० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढताच ती आपल्या नावावरची सारी वीज देत नाही, जेमतेम निम्मी देते. म्हणजे पाव तासाच्या आत गाडी थांबणार. शिवाय अशा चार बॅटऱ्यांचे वजन ५० किलोच्या घरात जाते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीचे तेच काम सुमारे २० किलोत होते. किंमत जास्त, पण तिचे आयुष्यही जास्त.

आणखी दोन नियम भिंतीवर लिहून ठेवावेत. वेग दुप्पट केला की हवा कापण्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. तारेतला प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते. म्हणून मोठी मोटर आणण्यापूर्वी गाडीचे वजन उतरवावे, चाके मोकळी फिरतात की नाही ते पाहावे, आणि तारा जाड व आखूड ठेवाव्यात. हे काम वेल्डर आणि फिटरचे आहे. त्याला परदेशी माल लागत नाही.

आगीची जोखीम

घरच्या शेडमध्ये हे काम करणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. ४८ व्होल्टचा झटका सहसा माणसाला फेकत नाही, म्हणून मुले बेफिकीर होतात. परंतु बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात आणि लोखंड वितळते. घरातील वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताच ठिणगी विझते. बॅटरीची वीज सलग असते आणि तिची ठिणगी विझत नाही. म्हणून घरचा स्विच किंवा घरचा फ्यूज येथे चालत नाही. डीसी विजेसाठी बनवलेला फ्यूज आणि काँटॅक्टरच घ्यावा, आणि स्वाराच्या हाताशी सारी वीज तोडणारे लाल बटण असावे.

भंगारातील जुने सेल स्वस्त मिळतात. पण एका ताग्यात एक सूत कुजके निघाले की सारे कापड तेथूनच फाटते, तसे हे आहे. साखळीतला एक अशक्त सेल आधी रिकामा होतो, चार्जिंगला आधी भरतो आणि तापतो. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी बीएमएस नावाची पट्टी बसवल्याशिवाय लिथियमला हात लावू नये. चार्जिंग उघड्यावर करावे. झोपण्याच्या खोलीत, जिन्याखाली किंवा कापडाच्या गठ्ठ्यांजवळ कधीही करू नये. २०२२ मध्ये पुण्यासह देशात ठिकठिकाणी बॅटरीच्या दुचाकींना आगी लागल्या आणि त्यानंतर सरकारने बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक केले. कारखान्यातल्या मालाची ही गत, मग घरच्या मालाला किती जपले पाहिजे?

रस्त्यावर नव्हे, मैदानावर

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून छोटी जीपगाडी तयार केली. ती मोटारसायकलप्रमाणे किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्यांच्या कल्पकतेची जाहीर तारीफ केली. परंतु ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, हेही त्यांनी सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहार यांना नवी बोलेरो मिळाली. प्रत्येकाच्या नशिबी असा कद्रदान येत नाही, पण गाडी अडवली जाणार ही गोष्ट सर्वांना लागू आहे.

नियम असा आहे की २५० वॅटपर्यंतची मोटर, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि बॅटरी वगळून ६० किलोच्या आत वजन असलेली बॅटरीची दुचाकी मोटार वाहन गणली जात नाही. त्यापुढच्या गाडीला मान्यताप्राप्त संस्थेची तपासणी लागते. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक. शर्यतीची घरगुती गाडी या चौकटीत बसणार नाही. ती मोहोपाड्याच्या रस्त्यावर किंवा द्रुतगती मार्गावर पळवणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

तिची जागा मैदानावर आहे. मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी २०१२ मध्ये आपली विजेची गाडी घेऊन इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या स्पर्धेत उतरले. त्याच धर्तीवर आपल्या देशात कोइम्बतूरच्या कारी मैदानावर फॉर्म्युला भारत ही महाविद्यालयीन संघांची स्पर्धा होते. या धर्तीच्या स्पर्धेत विजेच्या गाडीला ६०० व्होल्ट आणि ८० किलोवॅटची मर्यादा असते. धावण्यापूर्वी तिच्यावर दोन मिनिटे पाणी फवारतात, ब्रेक दाबताच चारही चाके जाग्यावर थांबतात की नाही ते पाहतात, आणि स्वाराला पाच सेकंदांत बाहेर यावे लागते.

व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. एकूण १,००० गुणांपैकी १०० गुण खर्चाच्या हिशेबाला आणि ७५ गुण धंद्याच्या योजनेला असतात. नुसती पळणारी गाडी तेथे पुरत नाही.

बरकत कोठे आहे

शर्यतीची गाडी विकून कोणाचे दुकान चालेल असे आम्हास वाटत नाही. बक्षिसावर संसार चालत नाही. परंतु ती बनवताना मुलगा जे शिकतो, त्याला बाजारात मोल आहे. बॅटरीचे सेल तपासणे, कंट्रोलर दुरुस्त करणे, मोटर पुन्हा गुंडाळणे, हलका आणि मजबूत सांगाडा जोडणे ही कामे रिक्षा, स्कूटर आणि सोलर यांना रोज लागणारी आहेत. ज्यांच्या घरात रिवाइंडिंगचा हात आहे, त्यांची निम्मी तालीम आधीच झालेली आहे.

म्हणून वडीलधाऱ्यांना आमची सूचना आहे. सरसकट नकार देऊ नका आणि थैलीही एकदम मोकळी करू नका. मुलाकडून आधी कागदावर वजन, वीज आणि खर्च यांचा तक्ता मागा. पहिला पैसा ब्रेक, फ्यूज आणि हेल्मेट यांसाठी द्या. गाडी ढकलून ब्रेक नीट लागतात हे दाखवल्यावर मोटरीचा पैसा द्या, आणि बॅटरीचा सर्वांत शेवटी. रसायनीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांजवळ पुस्तकी इल्म आहे, आपल्या कारागिरांजवळ हात आहे. स्पर्धेचा दरवाजा महाविद्यालयांना खुला असतो, तेव्हा दोघांनी एका टेबलाशी बसावे.

मुलाने असा तक्ता आणून दाखवला, तर तो पोरखेळ उरला नाही असे समजावे आणि त्याच्या पाठीशी उभे राहावे.