खुनी मोकळा, प्रेक्षक संतप्त
(लेखमाला : मालिकांची घडण, भाग 9)

‘देवमाणूस’ या मालिकेचा शेवटचा भाग झी मराठीने 15 ऑगस्ट 2021 ला दाखवला. रविवार होता. सोमवारी सकाळी धुळ्या-जळगावकडे चहाच्या टपरीवर जी चर्चा कानावर पडत होती, तिचा सूर एकच : ‘हाऊ काय शेवट शे का भो?’ वर्षभर रात्री साडेदहाला जागून ज्याच्या खुनांचा हिशेब ठेवला, तो डॉक्टर फासावर तर सोडाच, धड तुरुंगातही गेला नाही. राग नुसता खान्देशात नव्हता, राज्यभर होता. पण आपल्याकडे त्या रागाला एक वेगळी धार होती असं मला वाटतं. ती कशी, ते पुढे येईलच.

गेल्या आठवड्यात आपण मालिकेचा पहिला भाग कसा रचतात ते पाहिलं. आज दुसरं टोक. गुन्हेकथेचा शेवट बघून लोक एवढे का चिडतात? कौटुंबिक मालिका कशीही गुंडाळली तरी प्रेक्षक फारसं मनावर घेत नाही. सासू सुधारली, सून माहेराहून परत आली, सगळ्यांनी मिळून आरती केली, संपलं. त्याच प्रेक्षकाला गुन्ह्याच्या गोष्टीत मात्र एक धागाही सुटलेला खपत नाही.

कारण ही गोष्ट पहिल्याच दिवशी प्रेक्षकाशी बोली करते. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. केळीचा भाव बागेत ठरतो, घड कापले जातात, आणि माल गाडीत चढल्यावर व्यापारी म्हणतो, भाव उतरला. आता कापलेला घड झाडाला परत लावता येत नाही. प्रेक्षकाने दिलेल्या रात्रीही तशाच परत मिळत नाहीत.

मात्र बोली दर वेळी सारखी नसते, आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांवर लिहिताना नेमकं हेच नजरेतून सुटतं. ‘रात्रीस खेळ चाले’चं पहिलं पर्व आठवा. 22 फेब्रुवारी 2016 ला सुरू झालं, त्याच वर्षी 22 ऑक्टोबरला संपलं. कोकणातलं नाईकांचं घर, अण्णांचा मृत्यू, मग एकामागून एक घडत गेलेले प्रकार. तिथे बोली होती, कोणी केलं हे सांगू. भुताखेतांच्या वातावरणात वाढलेली गोष्ट शेवटी माणसाच्या गुन्ह्यावर येऊन थांबली, तेव्हा बरेच जण हिरमुसले. (गुन्हेगाराचं नाव इथे देत नाही. घरात कुणीतरी मोबाइलवर अजून बघत असेल.) पण ती निराशा होती. फसवणुकीचा आरोप नव्हता. उत्तर आवडलं नाही एवढंच. उत्तर मिळालं तर होतं.

‘देवमाणूस’ची गोष्ट निराळी. अजितकुमार देव म्हणवणारा बोगस डॉक्टर देवीसिंग खुनी आहे हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते कातळवाडीच्या लोकांना. किरण गायकवाडने तो गोड चेहऱ्याचा डॉक्टर असा काही वठवला, की त्याच्या हसण्यानेच घराघरात शिव्या निघत. आधीच्या ‘लागिरं झालं जी’मधला त्याचा भय्यासाहेबही याच लोकांनी पाहिला होता. आता खुनी ठाऊक असलेल्या गोष्टीत प्रेक्षकाकडे ‘कोण’ हा प्रश्नच उरत नाही. अमेरिकेतल्या ‘कोलंबो’ने 1970 च्या दशकात ही रीत जगभर रुजवली : खून आधी दाखवायचा आणि मग चुरगळलेल्या कोटातला पोलीस अधिकारी त्या शहाण्या खुन्याला कसा अडकवतो ते दाखवायचं. त्या रीतीत प्रेक्षक एकाच क्षणासाठी बसलेला असतो, तो म्हणजे सापडण्याचा. तोच काढून घेतला तर मागचे सगळे भाग उधारीवर पाहिल्यासारखे होतात.

मालिकेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती बेतली होती सातारा जिल्ह्यातल्या वाई-धोमच्या खून प्रकरणावर. ऑगस्ट 2016 मध्ये ते उघडकीस आलं, पुरलेले मृतदेह उकरून काढले गेले, आणि डॉक्टर म्हणवणारा संतोष पोळ अटकेत गेला. मालिका संपली तेव्हा या प्रकरणाचा खटला साताऱ्याच्या न्यायालयात चालूच होता. ज्या गोष्टीचा निकाल खऱ्या न्यायालयात लागलेला नाही, तिचा निकाल मालिकेने कुठून आणायचा? रचून आणायचा, हे एक उत्तर. मालिकेत बाकी किती काय काय रचलेलं होतंच की.

आणि इथे गोष्ट जळगावात येते. त्या खटल्यात सरकारची बाजू मांडायला विशेष सरकारी वकील म्हणून नेमले गेले ते उज्ज्वल निकम. जळगावचे. शिक्षण इथलं, वकिलीची सुरुवात इथल्याच जिल्हा न्यायालयातली. पुढे 1993 चे मुंबई बॉम्बस्फोट, 26/11, खैरलांजी, कोपर्डी अशा खटल्यांनी त्यांचं नाव देशभर झालं. म्हणजे ज्या प्रकरणाच्या मालिकेवर जळगावकर चिडले, त्याच प्रकरणाच्या खऱ्या खटल्यात जळगावचाच माणूस उभा होता. टपरीवर हे ठाऊक असलेले लोक होते, आणि त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता : खोट्या देवीसिंगला शिक्षा द्यायला ना साक्षीदार लागतो ना तारीख, मग तीसुद्धा का देत नाही?

निकमांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी. 26/11 च्या खटल्यात अजमल कसाबने बिर्याणी मागितल्याची बातमी किती गाजली ते आठवत असेल. लोक खवळले होते. मार्च 2015 मध्ये जयपूरला एका परिषदेत निकमांनीच सांगितलं, की कसाबने बिर्याणी कधी मागितलीच नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूतीची लाट तयार होऊ लागली होती, ती मोडायला आपण ती गोष्ट रचली. हे योग्य की अयोग्य यावर तेव्हा भरपूर वाद झाला. मला ते वकिलाला शोभणारं वाटत नाही. पण प्रेक्षक कसा बनलेला असतो याचा यापेक्षा चांगला धडा कुठल्या पटकथा-शिबिरात मिळणार नाही. गुन्हेगाराच्या डोळ्यांत पाणी दिसलं की माणसं विरघळतात, त्याच्या ताटात बिर्याणी दिसली की पेटतात. ‘देवमाणूस’च्या लेखकांनी दोन्ही वापरलं : डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आणलं आणि गावाला त्याच्या पाया पडायला लावलं. एवढं पेटवल्यावर शेवटी विझवायची जबाबदारी त्यांचीच होती.

आता त्या धारेबद्दल. खान्देशच्या माणसाने खऱ्या निकालासाठी किती थांबावं लागतं ते जवळून पाहिलेलं आहे. जळगावचं घरकुल प्रकरण घ्या. झोपडपट्टीतल्या लोकांसाठी 11 हजारांवर घरं बांधायची नगरपालिकेची योजना 1990 च्या दशकातली. प्रत्यक्षात उभी राहिली ती त्यातली थोडीच. 2006 मध्ये त्या वेळचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. अटका झाल्या 2012 मध्ये. खटला चालला धुळ्याच्या विशेष न्यायालयात आणि निकाल लागला 31 ऑगस्ट 2019 ला. 48 जण दोषी ठरले. माजी मंत्री सुरेश जैन यांना 7 वर्षांची शिक्षा आणि 100 कोटी रुपये दंड, गुलाबराव देवकर यांना 5 वर्षं. फिर्यादीपासून निकालापर्यंत 13 वर्षं गेली. आणि तोही शेवट नव्हताच. पुढे अपिलं झाली, जामीन मिळाले.

या निकालाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, 31 ऑगस्ट 2020 ला, ‘देवमाणूस’चा पहिला भाग दाखवला गेला. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण धुळ्या-जळगावच्या प्रेक्षकाला अपूर्ण शेवटाची नवलाई का वाटत नाही, हे घरकुल प्रकरणावरून कळतं. समीक्षक मंडळी म्हणतात, खुला शेवट म्हणजे आयुष्यासारखा. प्रेक्षकाला विचार करायला लावणारा. असेल. पण ज्याला आयुष्यात तारखेवर तारीखच मिळते, तो करमणुकीतही तेच कशाला बघेल? त्याला साडेदहाला टीव्हीपुढे बसून निदान एका ठिकाणी वेळेवर निकाल हवा असतो. याला अभिरुचीची कमतरता म्हणणारे मला जरा उद्धट वाटतात.

बरं, शेवट अपूर्ण ठेवतात कोण आणि का? यात कलेचा वाटा कमी, हिशेबाचा जास्त. दैनिक मालिकेचे भाग थोडे आधी चित्रित करून ठेवतात. त्या साठ्याला धंद्यात ‘बँक’ म्हणतात. बँक मोठी नसते. दर गुरुवारी बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात, आणि आकडे चढे असले की एखादं उपकथानक, म्हणजे यांच्या भाषेत ‘ट्रॅक’, लांबवलं जातं. घसरले की कुणाची तरी एक्झिट होते. लेखकाने सुरुवातीला शेवट ठरवला असला तरी तो कधी येणार हे त्याच्या हातात नसतं. शिवाय 2015 पासून बार्कने मोजणीत ग्रामीण घरंही घेतली. तोवर टीआरपी म्हणजे शहरांचा कौल होता. त्यानंतर गावाकडची, गावच्या बोलीतली मालिका जोरात चालू लागली याला निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. जो प्रेक्षक मोजला जाऊ लागला, त्याच्यासाठी मालिका बनू लागल्या.

आणि मग आलं ‘पर्व’. मालिका लोकप्रिय असताना संपवायची, खलनायक जिवंत ठेवायचा, काही महिन्यांनी पुन्हा आणायचा. म्हणजे शेवटचा भाग हा शेवट नसतोच, पुढच्या मालिकेची जाहिरात असते. ‘देवमाणूस’चं दुसरं पर्व 19 डिसेंबर 2021 ला सुरू झालं, चार महिन्यांत. 15 ऑगस्टला चिडलेल्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलं असणार. वाहिनीला हे ठाऊक असतं, म्हणून ती रागाला भीत नाही. तिला भीती असते ती कुणी न चिडण्याची.

हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेत ‘द किलिंग’ या मालिकेचं पहिलं पर्व जून 2011 मध्ये संपलं. एका मुलीचा खून कोणी केला हा एकच प्रश्न घेऊन सगळे भाग गेले, आणि शेवटच्या भागातही उत्तर दिलं नाही. ते पुढच्या वर्षी. तिथले समीक्षकसुद्धा प्रेक्षकांइतकेच भडकले. उलट टोकाचा किस्सा जर्मनीचा, जानेवारी 1962 चा. ‘दास हाल्सटुख’ नावाची सहा भागांची रहस्यमालिका चालू होती आणि ती लागली की रस्ते ओस पडत. वोल्फगांग नॉयस या विनोदी कलाकाराने शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन खुन्याचं नाव फोडून टाकलं. लोकांनी घरी न बसता त्याचा सिनेमा बघायला यावं म्हणून. एका वृत्तपत्राने त्याला देशद्रोही ठरवलं. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच शेवट फोडणारे उत्साही लोक प्रत्येक कुटुंबाच्या ग्रुपमध्ये आहेत. त्यांना एवढं कुणी म्हणत नाही.

मग प्रत्येक खुला शेवट वाईटच का? मी तसं म्हणणार नाही. ‘सेक्रेड गेम्स’चं दुसरं पर्वही 15 ऑगस्टलाच आलं होतं, 2019 चं. शेवटी त्यातला पोलीस अधिकारी सरताज बॉम्बसमोर बसला आहे, खुणा जुळवतो आहे, आणि बॉम्ब थांबला की नाही हे न सांगता पडदा. तेव्हाही ओरड झाली आणि तिसरं पर्व आलंच नाही. पण तिथे मी दिग्दर्शकांच्या बाजूने आहे. ती गोष्ट बॉम्ब फुटतो का यासाठी कमी आणि सरताज काय निवडतो यासाठी जास्त रचलेली होती, आणि त्याने काय निवडलं ते आपण पाहिलं. ‘देवमाणूस’मध्ये मी सरळ प्रेक्षकांच्या बाजूने. तिथे सापडण्याखेरीज दुसरं काही कबूल केलंच नव्हतं.

प्रेक्षकांच्या रागाने काही बदलतं का, असाही प्रश्न येतो. बदलतं, पण फक्त लाडक्या पात्रांच्या बाबतीत. एप्रिल 2025 मध्ये ‘सीआयडी’ने एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू जाहीर केला. 1998 पासून शिवाजी साटम यांना त्या भूमिकेत पाहत आलेल्या लोकांनी असा गदारोळ केला, की काही आठवड्यांत साहेब परत आले. पूर्वी गोष्टीत मेलेल्या शेरलॉक होम्सला परत आणायला वाचकांना काही वर्षं झगडावं लागलं होतं. मरण रद्द करून मिळतं, शिक्षा मात्र मागूनही मिळत नाही. मेलेल्याला परत आणलं की मालिका चालू राहते, खुन्याला फाशी दिली की बंद पडते. हिशेब एवढाच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या पर्वाच्या शेवटावर चिडलात तर आधी पहिला भाग काढून बघा आणि त्यात काय कबूल केलं होतं ते तपासा. कबूल केलेलं दिलं नसेल तर राग रास्त आहे, बिनधास्त करा. मात्र पुढचं पर्व मुकाट्याने बघायला बसलात, तर तो राग वाहिनीच्या खात्यात जमा झाला असं समजा. ‘देवमाणूस’चं तिसरं पर्व जून 2025 मध्ये सुरू झालं. त्याचं नाव ‘मधला अध्याय’.

(पुढच्या भागात : प्रोमो कोण कापतं, आणि त्यातलं दृश्य मालिकेत का दिसत नाही.)