रहिमतपूरच्या पाटीत दडलेली मराठी

पुणे-मिरज लोहमार्गावर सातारा आणि कोरेगाव मागे पडले की रहिमतपूर येते. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरचे इंग्रजी नाव दहा अक्षरांचे आहे : आर, ए, एच, आय, एम, ए, टी, पी, यू, आर. यातली पहिली सात, म्हणजे नुसत्या ‘रहिमत’ची अक्षरे घ्या आणि हवी तशी फिरवा. एम, ए, आर, ए, टी, एच, आय : मराठी! एक अक्षर उरत नाही, एक कमी पडत नाही. नाटककार वसंत कानेटकरांचे हे जन्मगाव. त्याच्या नावात मराठी सापडावी हा योगायोग झकासच.

दिलेल्या अक्षरांतून शब्द काढण्याच्या या खेळाचे जगभर वेड आहे. न्यूयॉर्कचे वास्तुरचनाकार आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात, मंदीने काम हिरावले तेव्हा, वर्तमानपत्रांत कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजून एक खेळ रचला. तोच पुढे ‘स्क्रॅबल’ झाला. त्याच्या १०० टाइल्सपैकी १२ एकट्या ‘ई’च्या आहेत, कारण इंग्रजीत सर्वांत जास्त राबते ते हेच अक्षर. स्क्रॅबलमध्ये अक्षर हातात जितक्या वेळा असेल तितक्याच वेळा वापरता येते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ‘स्पेलिंग बी’त मात्र तेच अक्षर कितीदाही चालते. खेळायला बसण्याआधी हा नियम पक्का करावा, नाहीतर घरात वाद ठरलेला.

आपण स्क्रॅबलचा नियम धरू. रहिमतपूरच्या अक्षरांत ‘ई’ नाही, अनेकवचनाचा ‘एस’ नाही, भूतकाळाला लागणारा ‘डी’ नाही, ‘आयएनजी’ जुळवायला ‘एन’ आणि ‘जी’ नाहीत. म्हणजे सापडलेल्या शब्दाला शेपूट जोडून दुसरा शब्द करण्याची सोय नाही. अशा वेळी जोड्या धराव्यात. ‘टी-एच’ची जोडी पटकन दिसते; तिच्यातून पाथ आणि मर्थ निघतात. पण ‘पी-एच’ शेजारी ठेवून पाहिले, की त्यांच्याआधी ‘टी-आर-आय-यू-एम’ येऊन बसतात आणि ट्रायम्फ हा सात अक्षरांचा शब्द तयार होतो. ‘ए’ दोन असल्यामुळे टिआरा आणि ट्रॉमाही जमतात. अक्षरे ओळीत न मांडता गोलात लिहावीत, हे जुन्या खेळाडूंचे सांगणे. ओळ दिसली की डोळा पुन्हा ‘रहिमतपूर’च वाचतो.

हेच काम संगणक कसे करतो? दहाही अक्षरे वापरून होणाऱ्या मांडण्या ९,०७,२०० आहेत. सेकंदाला एक या वेगाने तपासत बसले, तर अहोरात्र साडेदहा दिवस जातील. आणि यात कमी अक्षरांचे शब्द धरलेलेच नाहीत. त्यामुळे मांडण्यांच्या वाटेला न जाता शहाणा प्रोग्रॅम क्रमच विसरतो. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे तो आधीच वर्णक्रमाने लावून ठेवतो. इम्पार्ट म्हणजे ज्ञान देणे आणि आर्मपिट म्हणजे काख. अर्थाने दोन टोकांचे हे शब्द वर्णक्रमात ‘ए-आय-एम-पी-आर-टी’ या एकाच किल्लीवर येतात. एक किल्ली फिरवली की दोन्ही शब्द हाती. रहिमतपूरच्या अक्षरांतून क्रम सोडून निवडी किती होतात? सहा अक्षरे एकेकदा आहेत, ती घ्यायची किंवा सोडायची. दोन अक्षरे दोनदा आहेत, त्यांचे प्रत्येकी तीन पर्याय. गुणाकार ५७६; काहीच न घेण्याची एक निवड वजा केली की ५७५. नऊ लाखांचे काम पाचशे पंचाहत्तर किल्ल्यांवर आले.

ही युक्ती संगणकाहून बरीच जुनी. शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७६ साली आपला स्प्रिंगचा नियम वर्णक्रमाने लावलेल्या चौदा लॅटिन अक्षरांच्या रूपात छापला. शोध आपला म्हणून नोंदला गेला आणि कोणाला कळलाही नाही. १६७८ साली त्यांनी उलगडा केला : जसा ताण, तसे बळ.

आता तीच पाटी देवनागरीत वाचा. र, हि, म, त, पू, र. यातून मत, तर, रमत, मरत असे शब्द निघतात. पण ‘मराठी’ काही केल्या निघत नाही. आपल्याकडे मात्रा अक्षराला चिकटलेली असते. ‘हि’मधली वेलांटी सोडवून दुसऱ्याला देता येत नाही. रोमन लिपीत स्वर सुटे असतात, म्हणून ते कुठेही जाऊन बसतात. शिवाय ‘रहिमत’मध्ये ‘एच’ ह लिहायला आणि ‘टी’ त लिहायला आलेला. दोघे शेजारी आले की त्यांचा ठ होतो. इंग्रजी अक्षरांच्या या अघळपघळ वागण्यामुळेच हा खेळ तिथे एवढा रंगतो.

गावांची नावे यासाठी हुकमी. सांगलीची सहाच्या सहा अक्षरे फिरवली की सिग्नल होतो, शिवाय स्लँग आणि स्नेल निघतात. साताऱ्यात मात्र तीन ‘ए’ जागा अडवून बसल्याने स्टार आणि आर्ट्सच्या पुढे फारसे जाता येत नाही. शेवटी रहिमतपूर ज्या तालुक्यात येते त्या कोरेगावची पाटी घ्या. तिच्यात आठ अक्षरे आहेत. ‘के’ आणि एक ‘ओ’ बाजूला ठेवा. उरलेल्या सहांत एक फळ आहे. उत्तर मिळाले की शेजाऱ्याला सांगू नका, त्यालाही शोधू द्या.