मंडईतले ‘आर्यन’

पुण्याच्या मंडई परिसरात वाहने लावायच्या जागांची नावे मोठी चमत्कारिक आहेत. एक ‘आर्यन’, दुसरी ‘मिनर्वा’. स्कूटर लावून भाजीची पिशवी घेऊन निघणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की ही दोन्ही नावे चित्रपटगृहांची आहेत!

त्यांतले ‘आर्यन’ हे पुण्याचे पहिले कायमचे चित्रपटगृह. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी लागला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१५ साली, गंगाधरपंत पाठक यांनी मंडईजवळ हे थिएटर उभे केले. त्या काळी सिनेमा म्हणजे मोकळ्या मैदानावरचा तंबू. आज आहे, उद्या नाही. अशा वेळी पक्के छप्पर घालून बसायचे म्हणजे धाडसच. शिवाय नाटकावर जीव टाकणाऱ्या पुण्यात!

पण जागा मात्र अचूक निवडली होती. १८८६ साली मंडईची इमारत झाल्यापासून सारे शहर रोज त्या बाजूला येतच होते.

पडदा तेव्हा मुका होता. प्रसंगांच्या मधे अक्षरे उमटत. ज्यांना वाचता येई ते मोठ्याने वाचत आणि शेजारची मंडळी ऐकत. पडद्यापुढे बसून कोणी पेटी-तबला वाजवी. यंत्र हाताने फिरवायचे. एकच यंत्र असले, की रीळ बदलेपर्यंत खेळ थांबे. आजच्या मुलांना हे सांगूनही खरे वाटणार नाही. देवादिकांच्या कथा असल्यामुळे घरातल्या बायकांनाही सिनेमाला जायची मुभा मिळू लागली. ही गोष्ट वाटते तितकी लहान नव्हती.

१९३१ साली ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली. पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, तेव्हा ‘आर्यन’ अठरा वर्षांचे झाले होते. १९३४ मध्ये अप्पा बळवंत चौकाजवळ ‘प्रभात’ थिएटर उभे राहिले आणि शहरात सिनेमाची थिएटरे वाढत गेली.

‘आर्यन’ला प्रेक्षकांनी सोडले म्हणून ते बंद पडले, असे कोणी समजू नये. १९७३ पासून पुण्यात टीव्ही दिसू लागला होता, हे खरे. पण इथला प्रश्न जमिनीचा होता. थिएटर पाठकांचे, जागा नगरपालिकेची. भाडेपट्ट्याची मुदत संपली आणि १९८३ साली अडुसष्ट वर्षांचा पडदा उतरला. मंडईत गाड्यांची गर्दी वाढली होती, पालिकेला जागा हवीच होती. तिचे म्हणणे अगदीच चूक होते असे नाही. तरी शहरातल्या पहिल्या चित्रपटगृहाची निदान दर्शनी भिंत राखता आली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

नाव तेवढे लोकांनी सोडले नाही. आजही मंडईत ‘आर्यन’ कुठे म्हणून विचारले, तर बोट दाखवले जाते ते दुचाक्यांच्या रांगांकडे.