ऑर्केस्ट्रा नंतर, आधी फाइल

गावातल्या एखाद्या मुलाला रक्ताचा कर्करोग निघाला की तरुण मंडळाच्या पहिल्याच बैठकीत ऑर्केस्ट्राचा विषय निघतो. कुणी रक्तदान शिबिर सुचवतं, कुणी क्रिकेटचे सामने, कुणी मुंबईच्या नाटकाचा प्रयोग. तळमळ खरी असते. पण पैसे नेमके किती लागणार आणि कधी कधी लागणार, हे बहुधा कुणी विचारत नाही.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. वॉर्डातल्या आयांच्या तोंडी तो नुसता ‘एएलएल’ असतो. उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने खडतर: केमो, ताप, भरती, पुन्हा केमो. मग ‘मेंटेनन्स’ सुरू होतो. रोजच्या गोळ्या, ठरलेल्या तारखांना तपासणी. या टप्प्यात मुलाचे केस परत येतात, ते शाळेत जायला लागतं, गावाला वाटतं सुटलं एकदाचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तोवर थंडावलेला असतो. नेमक्या याच काळात बापाची मजुरी बुडत राहते, एसटीचं भाडं लागत राहतं आणि ‘बरा तर दिसतोय’ म्हणून एखादी तारीख चुकते. उपचार अर्ध्यावर सुटणं हे आपल्याकडे मुलं दगावण्याचं एक मोठं कारण आहे. म्हणून निधी उभारताना पहिल्या महिन्याइतकीच अठराव्या महिन्याचीही तरतूद हवी.

याउलट उदाहरणही आपण पाहिलं आहे. २०२१मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या स्नायूंच्या दुर्मीळ आजारासाठी सुमारे १६ कोटींचं इंजेक्शन लोकवर्गणीतून आणलं गेलं. केंद्राने सुमारे ६ कोटींचे कर माफ केले. एकदाच द्यायचं औषध, त्यामुळे एकच मोठी लाट पुरेशी होती. त्या बातमीने वर्गणीची कल्पना घराघरांत पोचवली, पण सगळ्या आजारांना तोच साचा लावायची सवयही लावली.

तेव्हा मंडळाने आधी फाइल हातात घ्यावी. डॉक्टरांकडून लेटरहेडवर खर्चाचं अंदाजपत्रक आणावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. अंगीकृत रुग्णालयातले आरोग्यमित्र कागदपत्रं सांगतात. योजना कॅशलेस आहे, त्यामुळे आधी रोख भरून नंतर पावत्या दाखवू, या भरवशावर राहू नये. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात; उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. आजार दुर्मीळ असेल तर २०२१च्या राष्ट्रीय धोरणाखाली ठरावीक केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे, आणि मुंबईचं केईएम त्या केंद्रांपैकी एक. या सगळ्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधारवरचं नाव जुळणं असल्या गोष्टी लागतात. मुलाला घेऊन मुंबईत परळच्या रुग्णालयात बसलेल्या आईबापाला हे जमत नाही. तहसील कचेरीत ज्याची ओळख आहे असा एक कार्यकर्ता ऑर्केस्ट्राच्या पन्नास तिकिटांहून जास्त कामाचा.

योजनांतून जे सुटतं, ते वर्गणीचं काम: मुंबईतलं राहणं, प्रवास, बाहेरून घ्यावी लागणारी औषधं, घरी मागे राहिलेल्या भावंडाची शाळा. राहण्याचं जरा जपून ठरवावं. लालबाग-परळमधल्या गावकीच्या सामाईक खोलीत सोय होते, पण केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलाला दहा माणसांच्या खोलीत ठेवणं धोक्याचं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि कर्करोगाच्या मुलांसाठीच चालवली जाणारी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी.

रक्तदान शिबिराचंही असंच. या मुलांना वारंवार लागतात त्या प्लेटलेट, आणि त्या पाचच दिवस टिकतात. गावात एका रविवारी शंभर बाटल्या गोळा करण्यापेक्षा मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांची, फोन केल्यावर येतील अशा दात्यांची यादी कितीतरी उपयोगी. जाहिरात होत नाही म्हणून ही यादी सहसा कुणी करत नाही.

आता पैसा. क्यूआर कोड बापाच्या खात्याचा लावणं सोपं, पण नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५० हजारांवर रक्कम आली तर ती कराच्या हिशेबात त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. शिवाय व्यक्तीला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला ८०जीची करसवलत नाही. देणगी अशी मान्यता असलेल्या नोंदणीकृत संस्थेला दिली तरच ती मिळते, आणि रोखीत २ हजारांपर्यंतच. शक्य तिथे चेक थेट रुग्णालयाच्या नावे, सोबत मुलाचा केस नंबर. मंडळाच्या नावाने पावत्या फाडायच्या तर गणपतीत वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयातून कलम ४१ क खाली जी परवानगी घेतो, तिची आधी चौकशी करावी. खातं दोघांच्या सहीचं असावं आणि महिन्याचा हिशेब देवळाच्या फळ्यावर लागावा.

मग खुशाल कार्यक्रम करा. मदतीच्या प्रयोगाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केलं, त्याच्या आठवणी अजून निघतात. आजही प्रयोग विकत घेऊन तिकिटं खपवणाऱ्या संस्था आहेत. अट एकच घालावी: हॉलचं भाडं, साउंड, चहा हे सगळं प्रायोजकांच्या खिशातून, तिकिटाचा पैसा पूर्ण मुलाला. नाहीतर बॅनरवर आमदारांचा फोटो मोठा आणि शिल्लक लहान, असं होतं. मुलाला स्टेजवर बसवून हार घालणं तर करूच नये. गर्दीतल्या संसर्गाची भीती आहेच, पण केस गेलेल्या डोक्याचा तो फोटो पुढे दहावीपर्यंत त्याच्या वर्गातल्या फोनांवर फिरत राहतो.

आणखी एक ठराव पहिल्याच बैठकीत लिहून सह्या घ्याव्यात, नंतर तो विषय काढणं अवघड होतं. पैसे उरले तर काय? मूल बरं होऊन उरतील, किंवा ते न वाचल्यामुळे उरतील. दुसऱ्या शक्यतेचा उच्चार त्या बैठकीत नकोसा वाटतो, तरी तो करावा. काही रक्कम आईबापाच्या कर्जफेडीला, बाकीची त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या मुलाच्या केस नंबरावर, असं आधी ठरलेलं असेल तर तेराव्याच्या आत कुणी हिशेब विचारायला त्या दारात जाणार नाही.